तुरीचा पाला

शिमोग्याच्या अलीकडं,
१२ मे १९९६

आण्णा, पाया पडतो. पण "घरात कोण राहिलंय शेत करायला?" हे तुम्ही पाडव्याला चारचौघांत बोललात, ते मी विसरलो न्हाई. धाकटी आरती लातूरला शिकवणीत, मी इकडं, म्हणून चारही एकरांत निलगिरी लावायची? खुरपण न्हाई, राखण न्हाई म्हणे. ती झाडं इथं मी तोडतोय, तुम्ही न्हाई.

सुट्टीला घरी आलेल्या आरतीचं काल पत्र आलं. रोपं अजून गोठ्यामागं पिशव्यांतच हायत म्हणती. वाचलं आन् जीव भांड्यात पडला.

इथली ही त्याच बुंध्यांवरची तिसरी तोड. पहिल्या तोडीला खोड मांडीएवढं होतं म्हणतात, आता मनगटाएवढं, पानं पिवळी. कंपनीच्या साहेबानं माती तपासली. म्हणाला, "नत्र संपलाय. लाकूड न्या, पाला आन् साल इथंच कुजू द्या." आमचा मुकादम मलप्पा उदगीरकडचा, लई टापटिपीचा. साहेब बघायला येणार म्हणून त्यानं बाया लावून सगळं रान झाडून घेतलं, लग्नाच्या मांडवासारखं! साहेबानं डोक्याला हात लावला. "अरे, मी पालाच बघायला आलो होतो!" मलप्पा म्हणतो, "मग परत पसरू का?" दोन दिस आम्ही पाला पसरत होतो.

मग खोडांच्या मधी ताग पेरला. तेवढ्याच पट्ट्यात निलगिरीचे फुटवे हिरवेगार. ताग उपटून बघितला तर मुळाला गाठी, आपल्या तुरीला असतात तशाच; साहेब म्हणाला, त्याच गाठी मातीला नत्र देतात. तुम्ही तुरीचा गळलेला पाला रानातच राहू द्यायचे आन् मी तुम्हाला आळशी म्हणायचो.

शेताला कंटाळून गेलो न्हाई मी. भूकंपात माळवद पडलं, तवापासून छताखाली डोळाच लागंना. तुमच्या नव्या पत्र्याखालीबी न्हाई. इथं रानात उघड्यावर निजाया मिळतं, म्हणून आलो. पाडव्याला अंगणात निजलो, तुम्हाला वाटलं रुसलो. आईला तेवढं कळलं असंल.

मागल्या आठवड्यात वळवाचा पाऊस आला, मलप्पाच्या खोलीत निजावं लागलं. वर स्लॅब. सकाळी मलप्पा पाय ओढून म्हणतो, "ऊठ रे, घोरतोस किती!"

आण्णा, मी घोरलो.

रोपं नर्सरीवाल्याला परत करा. मिरगाच्या आधी येतो, रान तयार ठेवा. आईला सांगा, माझी बाज आत टाक.

तुमचा,
आदिनाथ

मनीऑर्डर केलीय, तुरीच्या बियाण्याला. रुपये चारशे.