मिशा काढलेला विद्यार्थी

आयोवा, नोव्हेंबर १९०४

प्रिय आई,

मी बरा आहे. नाक जरासं सुजलंय, पण जेवता येतं. गुडघ्याचं विचारू नकोस.

फुटबॉलच्या सबंध मोसमात आम्ही एकदाही हरलो नव्हतो. शनिवारी शेवटचा सामना हरलो, तो कसा ते ऐक. समोरच्या कॉलेजात एक रेड्यासारखा गडी नवीन आला होता. चेंडू बगलेत मारून तो धावत सुटला की आमची पोरं त्याच्या अंगाला लोंबकळायची, तरी थांबायचा नाही. मी त्याच्या पायांना मिठी मारली, तर माझ्या छातीवर पडून कानात म्हणतो, "वेंडेल, आई बरी आहे ना रे?"

आई, तो आपल्या गावचा एझ्रा लोहार! मिशा काढून विद्यार्थी झालेला, चाळिशीचा घोडा!

मी तडक आमच्या प्रशिक्षकांकडे धावलो. "सर, तो आमच्या गावचा लोहार आहे. सामना थांबवा!"

"चांगल्या ओळखीचा आहे?"

"लहानपणापासून."

"मग विचार त्याला, पुढच्या वर्षी आपल्याकडे येतोस का म्हणून."

मी जर्सी काढून त्यांच्या पायाशी फेकली आणि तसाच उघडा, थंडीत कुडकुडत वसतिगृहावर आलो.

बाबांचा खोकला कसा आहे? नेटी शाळेत जाते ना? बाबा म्हणतील, हार पचवायला शीक. त्यांना सांग, हार मी पचवली. पण ज्या माणसाच्या शब्दाखातर हाडं मोडून घेतली, त्याच्यासाठी आता चेंडूला हात लावणार नाही.

तुझा, अजून धुमसणारा,
वेंडेल