फळीपलीकडच्या काकांना

तीर्थरूप काका,

फळीच्या अलीकडून नमस्कार. तुमची तब्येत बरी असणार, सकाळचा खोकला कालच्यापेक्षा मोकळा ऐकू आला. काकूंना नमस्कार सांगा. आमच्याकडे सगळे ठीक, बाबा सोडून. त्यांचं काय बिघडलंय ते तुम्हाला माहीतच आहे.

पत्राला कारण तो दवाखान्याच्या बेलचा सर्किट बोर्ड. पेशंटने उशाशी बटण दाबलं की नर्सच्या टेबलावर वाजायचं, एवढंच त्याचं काम. काल मी तो टेस्टिंगला नेला. कोणी बटण दाबलं नाही तरी वाजला, सगळ्या खाटांच्या बेल एकदम. टेस्टिंगवाल्याने विचारलं, आजारी कोण आहे? मी म्हटलं, आमचा कारखाना. (तो हसला नाही. हसणाऱ्यांना तिथे ठेवतच नसावेत.) पुढच्या शनिवारी दुसरा बोर्ड न्यायचाय. तोही असाच वाजला तर काम दुसरीकडे जाणार, आणि फळीच्या दोन्ही बाजूंना आपण माश्या मारत बसणार.

मी दहावीला दोनदा बसलेला माणूस, तुम्हाला काय शिकवणार? पण तुम्हीच सांगितलं होतंत की बोर्डावरच्या ट्रॅकमधून, म्हणजे त्या तांब्याच्या रेघेतून, सिग्नल जातो तसा करंट परतही येतो, आणि तो बरोबर ट्रॅकच्या पोटाखालच्या तांब्यातून येतो, सावलीसारखा. ते तांबं मध्येच कापलेलं असलं की बिचाऱ्याला लांबून वळसा घालावा लागतो, आणि जाता जाता तो सगळ्या बोर्डाला आपलं रडगाणं ऐकवतो. (आपल्याकडेही हल्ली मीठ मागायचं तर गल्लीला वळसा पडतो, आणि काकूंकडचं मीठ संपलंय हे गल्लीला कळतं.)

पूर्वी एकाच टेबलावर बाबा वरचे ट्रॅक काढायचे आणि तुम्ही खालचं तांबं. पाच व्होल्ट आणि तीन व्होल्टच्या तांब्यामध्ये तुम्ही गॅप ठेवायचात, तो बोटाने दाखवायचात, बाबा ट्रॅक वळवायचे. बोलणं असं व्हायचंच नाही. म्हणून भांडण झाल्यावर दोघांनाही वाटलं, न बोलता चालेल. टेबलाच्या मधोमध फळी लागली आणि बोट दिसेनासं झालं. या वेळी बाबांचा मेन ट्रॅक थेट तुमच्या गॅपवरून गेलाय. मी दाखवलं तर बाबा म्हणाले, ट्रॅक सरळ आहे, त्याला म्हणावं गॅप हलव. तुमच्याकडे आलो तर तुम्ही म्हणालात, गॅप आधीचा आहे. दोघांचे निरोप मी अर्धे गिळून पोचवले, तरी उरलेले अर्धे पुरेसे कडू निघाले.

एक सांगतो, हसू नका. काम संपलं की बाबा प्रिंट काढतात आणि अजूनही डावीकडे, तुमच्या बाजूला सरकवतात. कागद फळीला आपटतो. मग ते थोडा वेळ फळीकडे बघतात आणि म्हणतात, "टेबल लहान झालंय."

बाबांना या पत्राचं काही माहीत नाही.

तुमचा उपद्व्यापी पुतण्या

ता. क. माहीत नाही म्हटलं ते खरं नाही. ते मागेच उभे होते. सगळं वाचलं, 'तीर्थरूप'मधला रू दुरुस्त केला आणि म्हणाले, "गॅपवर दोन कपॅसिटर बसतील का, विचार त्याला." (म्हणजे फटीवर दोन छोटे पूल. ट्रॅक सरळच राहील, गॅपही जागच्या जागी. आपण हललो नाही असं दोघांनाही म्हणता येईल.) कुठे बसवायचे ते मात्र तुम्हालाच बोटाने दाखवावं लागेल.

ता. क. २ म्हणून फळीचे स्क्रू मी काढून ठेवलेत. ती नुसती टेकवलेली आहे. तुम्ही येईपर्यंत फळीकडे पाठ करून खोका.