वरवंट्याचं देऊळ

गुरुवार, दिवे लागल्यावर

परवा नातीचं बारसं झालं. काय गोड पोर आहे, माझी तर बोटं मोडून दुखली! पण आज डोकं तापलंय. चपला काढल्या त्या मेल्या साहेबाने!

पालिकेच्या माणसांनी गटारासाठी आमच्या फाटकासमोर खड्डा खणला आणि जे पळाले ते पळालेच. काल दवाखान्यातून येताना सुनेचा पाय त्यात गेला, पोर हातात. मी धरली म्हणून निभावलं. मग बारशात पाळण्याखालून फिरवलेला वरवंटा, हळदकुंकवासकट, मी खड्ड्याच्या काठावर उभा केला. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावा एवढंच. आज सकाळी बघते तर त्याला हार!

मग एकदाची खड्डा बुजवायला मातीची लॉरी आली. पालिकेचा तमिळ साहेब उतरला, वरवंटा पाहिला, चपला काढल्या आणि हात जोडले.

"पाट्टी, इथे कोविल झालंय. आता हात लावता येणार नाही."

मी आजी ते ठीक, पण देऊळ कसलं?

"अरे, त्या वरवंट्याने मी चटणी वाटते!"

"असं बोलू नका, पाप लागेल."

उचलायला गेले तर त्याचीच माणसं आडवी आली. लॉरी भरलेली परत गेली.

इतके अर्ज दिले, कोणी खुर्चीतून हललं नाही. दगडापुढे मात्र चपला काढतात. माझ्या नातीपुढे कोण काढणार?

उद्या पहाटे वरवंटा पिशवीत घालते, साहेबाच्या ऑफिसात जाते आणि त्याच्या खुर्चीवर मांडून हळदकुंकू वाहते. मग बघू कुठे बसतो. आत्ताच हसू येतंय.

चपला मी दाराबाहेरच काढीन, हो.