टाळीवर चालणारा पंखा

तीर्थरूप बाळादादास,

चारकोपहून धाकट्या बहिणीचा, सुलक्षणाचा, वाकून नमस्कार. वहिनीची पाठ कशी आहे? कुडाळात उकाडा फार आहे का? आम्ही सगळे खुशाल आहोत (असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते). फोनच केला असता, पण आमच्या दोन खोल्यांत सासूबाईंना ऐकू जाणार नाही असा कोपरा नाही.

तू पडलास इंजिनिअर. भाचीला वाढदिवसाला बरासा ड्रेस पाठवायचा, तर तू मोटारी, वायरी आणि सोल्डरिंग गनचं खोकं पाठवलंस. वर मला ज्ञान दिलंस की क्लास लावून कोणी इंजिनिअर होत नाही, लहानपणी हातात सामान पडावं लागतं. पडलं बरं का. जान्हवीने पहिल्याच आठवड्यात टाळी वाजवली की चालू आणि परत वाजवली की बंद होणारा उभा पंखा तयार केला. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना उठायला नको म्हणून. आम्ही चाळीभर, म्हणजे आता बिल्डिंगभर, कौतुक सांगत फिरलो.

मग आला सत्यनारायण. गुरुजींना उकडू नये म्हणून सुशांतने (तुझ्या मेहुण्याला नको तिथे सुचतं) तोच पंखा चौरंगामागे लावला. पूजा झकास झाली, पोथी झाली, आरतीला सगळे उभे राहिले आणि दादा, आरतीत माणसं काय करतात? टाळ्या वाजवतात! पहिल्या टाळीला पंखा सुरू, दुसरीला बंद, तिसरीला सुरू. निरांजन गेलं, तुळशीची पानं उडाली, गुलाल गुरुजींच्या दाढीत आणि गुरुजींचं उपरणं शेजारच्या मंजुळाकाकूंच्या डोक्यावर. जान्हवी जिवाच्या आकांताने ओरडत होती, "टाळ्या नको, टाळ्या नको!" त्या गोंधळात लोकांना फक्त टाळ्या एवढंच ऐकू आलं. त्यांनी जोर वाढवला.

पंख्याचा प्लग चौरंगामागे, आणि आरती संपेपर्यंत मांडणी हलवायची नाही, असं गुरुजी गुलालातून म्हणाले. सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "माझ्या सत्यनारायणाक वाऱ्यार सोडलंस गो!" शेवटी उरलेली आरती सगळ्यांनी हात मागे बांधून, कुजबुजत म्हटली. देवाला वाटलं असेल, इथे काहीतरी शिजतंय.

रात्री सुशांतने पंख्यासकट ते खोकं माळ्यावर टाकलं. जान्हवी रडली नाही, भांडली नाही. पाठ्यपुस्तक उघडून गप्प बसली. मला तर धडकीच भरली रे! ही पोर न सांगता अभ्यासाला बसते म्हणजे ताप आहे की काय, म्हणून दोनदा कपाळ बघितलं. जेवतानाही नुसतं हं नि हूं. घरातलं काहीच उघडलेलं नाही, काहीच जळल्याचा वास नाही, मला करमेना.

पण सुटका केली ती सासूबाईंनी. दुपारी खुर्चीत बसून त्यांनी टाळी वाजवली. काही नाही. परत वाजवली. मग सुशांत ऑफिसातून आला तसा बूट न काढता त्याला शिडीवर चढवला. "माझो पंखो खाली काढ आधी. देवाक मी सांगतंय काय ता!" आता त्या दिवसभर टाळ्या वाजवतात. टीव्हीवर कुणाला बक्षीस मिळालं तरी पंखा बंद पडतो, म्हणून जान्हवी तो तीन टाळ्यांवर न्यायच्या खटपटीत आहे. घरात पुन्हा वास यायला लागलाय. बरं वाटतं.

वहिनीला नमस्कार.

तुझी,
सुलू

ता. क. : एक सोल्डरिंग गन आणखी पाठव. माझ्यासाठी. परवा जान्हवी वायर जोडत होती आणि मला म्हणाली, "आई, तू फक्त टॉर्च नीट धर ना." माझं डोकंच फिरलं. आपल्या घरी रेडिओ बिघडला की बाबा पेचकस तुझ्या हातात द्यायचे आणि टॉर्च माझ्या. आतलं सगळं मलाही दिसायचं रे.

ता. ता. क. : पार्सलवर आंबावडी लिहू नकोस, सासूबाई आधी फोडतील. 'अभ्यासाची पुस्तकं' लिही. आमच्याकडे कोणी हात लावणार नाही.