कुसळांची बाजरी

आई,

आज दुपारी पडेगावच्या घरात एकटीच जेवायला बसले. एकटीपुरती भाकरी थापायची म्हणजे पीठ मळायचाही कंटाळा येतो. डब्यातल्या बाजरीच्या पिठात हात घातला आणि तुला कधीच न सांगितलेली गोष्ट आठवली.

फुलंब्रीच्या आपल्या रानात विळा लागायच्या आधी तू बियाण्याची कणसं निवडत फिरायचीस. त्या वर्षी तुला एक वेगळंच कणीस सापडलं, अंगभर ताठ कुसळं असलेलं. शेजारची कणसं चिमण्यांनी पोखरली होती, याला मात्र चोच लागलेली नव्हती. पुढच्या पावसाळ्यात ते तू बांधाकडेला वेगळं पेरलंस आणि कणसं पानांच्या पोटरीतून बाहेर पडताच त्यांवर जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधल्यास. मी हसले, तर म्हणालीस, "नजर लागंल गं. असं कुणाच्याच रानात नाय." मी तेव्हा औरंगाबादला बाजरीच्या संशोधन केंद्रात नुकतीच लागले होते. दुसऱ्या झाडाचे पराग मिसळू नयेत म्हणून मीही दिवसभर कणसांवर कागदी पिशव्याच चढवत होते, पण ते तुझ्यासमोर कबूल करायला जीभ रेटली नाही.

त्या दिवाळीला तू सगळं बी लुगड्याच्या चिंधीत पुरचुंडी बांधून माझ्या हातात दिलंस. थोडं घरी ठेव म्हटलं तर म्हणालीस, "नको, इथं उंदरं हायेत. तुझ्याकडं लई नीट राहील. साहेबाला दाव."

साहेबांसमोर लुगड्याची चिंधी सोडायची मला लाज वाटली. पुरचुंडी टेबलाच्या खणात राहिली. दोन पावसाळ्यांनी उघडली, तर आत नुसता भुगा आणि किडे. तू दर खेपेला विचारायचीस, "उगवलं का गं?" शेवटी एकदा मी म्हणाले, "नाही उगवलं." तू म्हणालीस, "माझंच चुकलं असंल. ओलसर बांधलं व्हतं."

पुढे नोकरीत कुसळांची कणसं खूप पाहिली. पाखरं टाळतात म्हणून चांगल्या वाणांशी त्यांचा संकरही केला. त्यांत तुझं बी नव्हतं. आता उगवलं का म्हणून विचारणारं कुणी उरलं नाही, आणि घर फार रिकामं वाटतं.

हा कागद पिठाच्या डब्याखाली ठेवते, दुसरीकडे कुठं धाडणार? बी ओलं नव्हतं, आई. मी ते पेरलंच नव्हतं.