सतरा क्रमांकाची उत्तरपत्रिका

तीर्थरूप मावशीस,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, म्हणून तो खुर्चीत बसूनच घातला. पोचला असं समज.) तुझा गुडघा कसा आहे? काकांचा खोकला? कंबर सोडली तर मी तब्येतीने ठणठणीत आणि अकलेने यथातथा आहे.

औद्योगिक मानसशास्त्रज्ञाचं प्रमाणपत्र मिळवायला मी दोन वर्षं जोडे झिजवतोय, हे तुला ठाऊकच आहे. (हा धंदा काय ते आईला अकरा वेळा समजावलं. ती शेजाऱ्यांना सांगते, 'तो कारखान्यात असतो.') लेखी परीक्षा झाली. आता प्रत्यक्ष कामाचा एक नमुना प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळाकडे महिनाअखेर गेला नाही, तर कंपनी मला ठेवणार नाही, असं साहेबांनी अगदी हसून सांगितलं. म्हणून तर मी तुमच्या बाटल्यांच्या कारखान्यात चाचणी घेतली, तीही तुझ्या शब्दावर. बायका बिचकल्या तेव्हा तू म्हणालीस, "मीही बसते गं तुमच्याबरोबर, तो काय खातोय का?" आणि गठ्ठ्यातून एक कागद ओढून बसलीस. कागदावर नाव नाही, फक्त क्रमांक. तपासणाऱ्याने ओळखदेख ठेवायची नाही, असं आमचं शास्त्र सांगतं.

चाळीस प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. सगळ्यांनी मुकाट्याने खुणा केल्या. क्रमांक सतराने मात्र एकही खूण न करता समासात लिहिलं होतं. 'सोबतीण हळू काम करत असेल तर काय कराल?' यावर, 'आधी विचारीन, जेवलीस का.' 'वरिष्ठ चुकले तर?' यावर, 'चारचौघांत नाही सांगणार. डबा खाताना सांगेन.' खूण नाही म्हणजे गुण नाही, म्हणून मी शून्य दिलं आणि अहवालात ठोकून दिलं की क्रमांक सतरा यांना माणसांची समज नाही, त्यांना माणसांपासून लांबचं काम द्यावं. (ते अक्षर मी लहानपणापासून ओळखतो, पाटीवर मी तेच अक्षर गिरवलेलं. पण त्या दिवशी मी तुझा भाचा नव्हतो, शास्त्रज्ञ होतो.)

तुमच्या मॅनेजरांनी यादी काढून क्रमांकापुढचं नाव वाचलं आणि ते चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसले. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. मावशी, मला खरंच लाज वाटली. बाकी इकडे सर्व क्षेम, काळजी नसावी.

तुझा,
(तूच चारचौघांत हुशार म्हणून मिरवलेला) भाचा

ता. क. ते नाव कुणाचं, हे तू ओळखलंच असशील. नंतर मी स्वतः ती चाचणी सोडवली. चाळीसपैकी एकोणचाळीस. तरीही मॅनेजर म्हणाले, तुम्हाला मी बाटल्या मोजायलाही ठेवणार नाही. म्हणून अहवाल नव्याने लिहिलाय: चाचणी नापास, क्रमांक सतरा पास.

आणखी एक. मंडळाच्या अर्जात एक रकाना आहे, 'अर्जदाराच्या कामाबद्दल विभागप्रमुखाचं मत, सहीसह.' तुमच्या विभागाची प्रमुख तूच. कागद सोबत ठेवलाय. खरं तेच कळव.

अगदी शेवटचं. तिथे चार पर्याय छापलेत: उत्तम, बरा, साधारण, निरुपयोगी. मावशी, तुझ्या पाया पडतो, या वेळी समासात काही लिहू नकोस. नुसती खूण कर.