भिंतीवरच्या सायकलीला नवी रबरं

प्रिय दादा,

'प्रिय' हा शब्द हाताच्या सवयीने लिहून गेलो. खोडणार होतो, पण कोऱ्या कागदाची सुरुवातच खाडाखोडीने नको, म्हणून राहू दे.

तुझा फोटो पोचला, आणि खालचा निरोपही. 'ब्रेकची रबरं फार कळकट दिसतात, ओरिजिनल मिळतील का बघ, पुढच्या आठवड्यात ऑफिसची मंडळी जेवायला येणार आहेत.' शेवटी जोडलेल्या हातांचं चित्र. मोठ्या भावाने धाकट्याला हात जोडले म्हणजे काम फारच अडलेलं असणार! मागितलंयस काय, तर रबरांच्या दोन जोड्या. त्या आत्ता माझ्यासमोर टेबलावर आहेत. पण त्या देण्याआधी मला थोडं बोलायचंय, आणि ते फोनवर जमणार नाही. फोनवर तू दर दुसऱ्या वाक्याला 'हो, हो, कळलं' म्हणतोस. कागदाला असं मध्येच अडवता येत नाही.

आधी चांगलं बोलतो. सायकल छान लावली आहेस. माडीवरच्या हॉलची भिंत मोठी, वरून पिवळा दिवा, मडगार्डवर तेलाचा हात फिरवलेला. पाहुणे 'वा' म्हणतील. तू म्हणशील, 'वडिलांची आहे, आणि माझा धाकटा भाऊ व्हिंटेज सायकली रिस्टोअर करतो.' हे तू म्हणतोस ते माझ्या कानावर आलंय. परवापरवापर्यंत माझं 'पंक्चरचं दुकान' होतं. भिंतीच्या आडोशाला एक पंप आणि पाण्याचं घमेलं घेऊन बसलो होतो तेव्हा तर तू रस्ता बदलून जायचास. मी कधी मनावर घेतलं नाही. गिऱ्हाईक काय म्हणतं त्यावर रागावलो असतो तर दुकान चाललंच नसतं, आणि तू तर नुसता भाऊ. पण फोटोत एक गोष्ट खुपली. सायकल तू बरोबर मधोमध घेतली आहेस. खाली खुर्चीत बाबा बसलेत. त्यांचे फक्त गुडघे आलेत. बाकीचे बाबा कापले गेले.

आठवतं का बघ. बाबा पाण्याचे मीटर वाचत घरोघर हिंडायचे, आणि सुट्टीच्या दिवशी आपल्याला याच सायकलीवर फिरवायचे. मी पुढे दांडीवर, तू मागे कॅरिअरवर. मला हँडलखालच्या सळ्या दिसायच्या. ब्रेक दाबला की सळ्या वर उचलल्या जायच्या, घोड्याच्या नालेसारखी ती पट्टी वर यायची आणि रबरं आतल्या बाजूने रिमला चिकटायची. आवाज यायचा, हलकासा, कोणी तोंडावर बोट ठेवून 'शूऽऽ' म्हणावं तसा. तो आवाज बदलला की मी सांगायचो, बाबा, रबर संपलं. बाबा म्हणायचे, कान आहेत की काय आहेत तुला! तू मागे होतास, तुला बाबांची पाठ तेवढी दिसायची. यात तुझी चूक नव्हती. मोठ्याला कॅरिअर आणि धाकट्याला दांडी, हा घराचा नियमच होता.

आई गेल्यावर बाबा तुझ्याकडे राहायला आले. ते बरोबरच झालं. तुझं घर मोठं, वहिनी त्यांचं पथ्यपाणी सांभाळणारी. माझी मागणी एकच होती, आणि तीही मला कधी तोंडाने करावी लागली नाही: दर आठवड्याला एकदा बाबा स्वतः सायकल मारत दुकानात यायचे. स्टुलावर बसायचे. गिऱ्हाइकांना फुकटचे सल्ले द्यायचे. एकाला तर म्हणाले, ही सायकल विका आणि चपला घ्या. गिऱ्हाईक हसलं आणि सायकल माझ्याकडेच दुरुस्तीला टाकून गेलं. निघताना मी त्यांचे ब्रेक बघायचो, रबर झिजलेलं असलं तर बदलायचो. ते म्हणायचे, अजून चाललं असतं रे. मी म्हणायचो, चाललं असतं, थांबलं नसतं. हा आमचा ठरलेला विनोद होता. दर वेळी तोच, आणि दर वेळी दोघं हसायचो.

मग ते यायचे बंद झाले. मी तुला विचारलं, तेव्हा तू काय म्हणालास ते तुला आठवत नसेल. मला शब्दन् शब्द आठवतो. 'त्यांना आता तुझ्याकडचा तो गोंगाट, ते ग्रीस सोसत नाही. स्पष्ट सांगायला त्यांना संकोच वाटतो, म्हणून मी सांगतोय.' मला लागलं. पण मी म्हटलं, वय झालंय, नसेल सोसत. मी तुझ्या घरी यायचो तेव्हा ते हवापाण्यावर बोलायचे, तू शेजारी बसलेला असायचास, आणि सायकलीचा विषय ना ते काढायचे ना मी. मला वाटे, दुकानाचा विषय त्यांना नकोसा झालाय. त्यांना काय वाटत होतं ते मला आत्ता कळलं. सांगतो.

पुढे ते पाण्याच्या टाकीजवळच्या उतारावर सायकलवरून पडले. मनगट प्लास्टरमध्ये. मी धावत आलो, तर तू दारातच म्हणालास, 'बघ, या वयात सायकल नको, मी म्हणत नव्हतो?' पुरावा मिळाल्यासारखा तुझा चेहरा होता. मी म्हटलं, सायकल बघू. तू म्हणालास, कुलपात आहे, बघून काय करणार आता.

सायकल बघायला मिळाली ती थेट तुझ्या या फोटोत. तुला त्यात कळकट रबरं दिसली. मी फोटो मोठा करून बघितला. दादा, ती रबरं नाहीतच. रबर कधीच संपून गेलंय. तुला दिसतंय ते रबर धरून ठेवणारं पत्र्याचं घर, काळं पडलेलं. आणि रिमच्या आतल्या अंगाला, चाकाच्या तारांच्या दोन्ही बाजूंनी, चकचकीत ओरखडे आहेत, थेट सगळ्या गोलाला. एका दिवसात तसे पडत नाहीत. लोखंडावर लोखंड घासत बाबांनी ती सायकल महिनोन्‌महिने चालवली. मी तो फोटो गिऱ्हाइकांसमोर बघत होतो, आणि मला दुकानाचं शटर ओढून घ्यावंसं वाटलं. ज्याचा मुलगा गावभरच्या जुन्या सायकलींना ब्रेक बसवतो, त्या माणसाने ब्रेकवाचून उतार का उतरावा?

उत्तर सुताराने दिलं. तुझ्या भिंतीला खुंट्या मारणारा तोच. त्याची सायकल दुरुस्तीला माझ्याकडेच असते. माणूस गुणी, पण पोटात काही राहत नाही. तोंडात स्क्रू धरलेले असतील तेवढाच वेळ गप्प. सीट बदलून घ्यायला आला आणि म्हणाला, 'तुमच्या वडिलांनी मला काय विचारलं माहितीये? म्हणाले, बाबा रे, सळईच्या ब्रेकची रबरं हल्ली कुठेच बनत नाहीत ना? मी म्हटलं, बनत नाहीत? अहो आजोबा, तुमच्या मुलाच्या दुकानात दारातच माळ करून टांगलीत! येता-जाता डोक्याला लागतात!' सुतार हसत होता. मी विचारलं, मग? म्हणाला, मग आजोबांनी हात वर केला. ड्रिल थांबव म्हणाले, पाणी प्यायले. आणि म्हणाले, 'मोठा म्हणाला होता, धाकट्याकडे चौकशी केली, तोच म्हणतो रबरं बंद झाली. मला वाटलं, एवढं नाव आहे त्याचं, आणि बापाच्याच सायकलीचं काम त्याला जमत नाही. चारचौघांत त्याला कशाला अवघडवा. म्हणून जायचंच सोडलं.' मग सुताराला बजावलं, यातलं त्याला काही सांगू नकोस, दोघं भांडतील. सुताराने ते वाक्यसुद्धा मला जसंच्या तसं सांगितलं.

दादा, तू माझं नाव वापरलंस. नुसतं 'रबरं मिळत नाहीत' म्हणाला असतास तर ते माझ्याकडे आले असते, म्हणून तू ते माझ्या तोंडी घातलंस. आणि इकडे त्यांचा संकोच म्हणून मला भलतंच सांगितलंस. म्हणजे त्यांनी मला लाज वाटू नये म्हणून यायचं सोडलं, आणि मी त्यांना त्रास नको म्हणून बोलवायचं सोडलं. दोघांच्या भल्या मनाचा तू किती सुबक वापर केलास! माझ्या धंद्यात मी बरेच लबाड पाहिलेत, जुन्या सांगाड्याला रंग फासून 'अस्सल' म्हणून विकणारे. पण तेसुद्धा निदान सायकलच विकतात.

काळजीपोटी केलं म्हणशील. बाबांचं वय झालंय, हे खोटं नाही. पण तू मला एकदा म्हणाला असतास, 'त्यांना उतारावरून येऊ देऊ नकोस,' तर मी दर आठवड्याला फाटकाशी हजर राहिलो असतो आणि कालव्याकाठच्या सपाट रस्त्याने त्यांना सोबत आणलं असतं. काळजी असती तर तू ब्रेक नवे बसवले असतेस. तुला खटकत होता तो तुझ्या फाटकातून खडखडत बाहेर पडणारा म्हातारा, आणि तो कुठे जातो हे शेजाऱ्यांना माहीत असणं. मग तुझ्या ऑफिसच्या साहेबांपैकी कोणीतरी म्हणालं की अशा सायकली हल्ली लोक हॉलमध्ये लावतात, आणि त्या दिवशी तुला वडिलांच्या सायकलीचा अभिमान वाटायला लागला. म्हातारा खाली बसवला, सायकल वर चढवली.

परवा मी मुद्दाम घरच्या नंबरावर फोन केला. तू उचललास, स्पीकर लावलास; खोलीचा घुमणारा आवाज मला लगेच कळतो. मी बाबांना सगळ्यांसमोर विचारलं, दादाने रबरं मागवलीत, कशी बसवू? तू मागून हसत म्हणालास, अरे भिंतीवर आहे ती, कशीही बसव. बाबा हसले नाहीत. म्हणाले, 'कशीही कशी? पत्र्याचं घर एका बाजूने उघडं असतं. बंद बाजू पुढे घे. उलटं बसवलंस तर पहिल्याच उतारावर रबर निसटून बाहेर पडेल.' मी म्हटलं, बरं. मग त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, 'प्लास्टर निघालंय माझं. पकड चांगली आली आहे. तू रविवारी ये, सकाळी. मी तयार होऊन बसतो.' तू म्हणालास, रविवारी ये, जेवूनच जा. तुला वाटलं ते तुझ्या पाहुण्यांची तयारी करतायत. भिंतीवरच्या सायकलीला उतार कुठून येणार, आणि तिच्या ब्रेकला मनगटाची पकड कशाला लागणार, हा प्रश्न तुला पडला नाही.

तर हे पत्र त्यासाठी. रविवारी सकाळी मी आणि सुतार येतोय. रबरं तुझ्या भिंतीवर नाही, खाली अंगणात बसवीन, मग बाबा सायकलवर बसतील, मी माझ्या सायकलवर, आणि सपाट रस्त्याने हळूहळू दुकानात जाऊ. संध्याकाळी त्यांना तुझ्याकडे परतायचं की माझ्याकडे राहायचं, ते त्यांनाच विचार, मला नाही. पलंग मी घालून ठेवलाय. तुला हे आधी कळवतोय, कारण ऐन वेळी तू त्यांच्यासमोर आवाज चढवलेला मला नकोय. तू खोटं बोललास हे त्यांना माहीत आहे. आपण भांडू नये म्हणून बाबा ते गिळून बसलेत, आणि तू त्यांना अजूनही रोज सकाळी हसून चहा देतोस. रविवारच्या आत त्यांच्यासमोर बस आणि तुझ्या तोंडाने सांग, की धाकट्याकडे रबरं होती, तो कधीच नाही म्हणाला नव्हता. वहिनीला बाहेर पाठव हवं तर, मला तुझी शोभा करायची नाही. पण रविवारपर्यंत तू बोलला नाहीस, तर मी बोलेन, आणि तेव्हा घरात जे कोणी असेल ते ऐकेल. बाकी तुला काही करायचं नाहीये. सायकल खाली नेताना फक्त बाजूला हो. तुझा जिना अरुंद आहे, एक जण वरून धरणार, एक खालून. तिसऱ्याला तिथे उभं राहायला जागा नसते.

इच्छा असो-नसो, तुझाच,
धाकटा